हाताचं इंग्रजी

घोटवडे फाट्यावर सकाळी पौडहून येणारी बस मिळाली की उज्वला खिडकीशी बसायची, मांडीवर डबा, डब्यावर वही, आणि ओठ हलायला लागायचे. शेजारच्या बाईला वाटायचं, पोथी वाचतेय. वहीत हातांशिवाय दुसरं काही नव्हतं.

हँड इन म्हणजे जमा करणे. हँड आऊट म्हणजे वाटणे. हँड ओव्हर म्हणजे ताब्यात देणे. आऊट ऑफ हँड म्हणजे आवाक्याबाहेर जाणे. पिरंगुटचा उतार येईपर्यंत चार-पाच व्हायचे, उतरताना त्यातले दोन बसमध्येच राहिलेले असायचे. मग कंपनीच्या गेटपर्यंत चालताना ती त्या दोघांना शोधत असे.

उज्वला सेहेचाळीस वर्षांची होती आणि त्यातली एकोणीस वर्षं तिनं एका टेबलाशी उभं राहून काढली होती. पिरंगुटच्या या कंपनीत मोटारींच्या सीटची कव्हरं होतात. रेक्झिन आधी मशीन कापतं, पण कडा, खाचा आणि कोपरे कात्रीनंच करावे लागतात, ते काम बायांचं. ती लागली तेव्हा कंपनीच्या मागच्या भिंतीला लागून भाताची खाचरं होती. जेवणाच्या सुट्टीत बाया बांधावर जाऊन बसत आणि आश्विनात इंद्रायणीचा वास असा सुटे की कोरडी भाकरीसुद्धा गोड लागे. आता तिथं पत्र्याची तीन शेडं आहेत. बाया पंख्याखाली बसून जेवतात आणि जेवताना मोबाइल बघतात. टेबल मात्र तेच राहिलं. पहिल्या टेबलाच्या आठ बाया तिच्या शब्दावर चालत. तिला कुणी तसा अधिकार दिला नव्हता, कुणी काढूनही घेतला नव्हता.

माघात कोइमतूरचे नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता. वेळेवर यायचा, आवाज चढवायचा नाही. पण त्याला मराठी येत नव्हतं आणि त्याचं हिंदी बायांच्या हिंदीपेक्षाही कच्चं होतं. त्यानं सांगितलं, प्रत्येक टेबलाला एक लाइन लीडर पाहिजे. पाळी बदलताना लीडरनं कामाचा ताबा इंग्रजीतून द्यायचा. लीडर कायम सकाळच्या पाळीत राहील. बाकीच्यांना आठवडा सकाळ, आठवडा दुपार, आठवडा रात्र. लीडरची परीक्षा साहेब स्वतः घेतील, आणि नापास झालेल्या टेबलाला बाहेरून माणूस आणतील.

दर तिसरा आठवडा रात्रीचा, एवढंच उज्वलानं ऐकलं. बाकीचं ऐकूच आलं नाही.

घरी दोघीच. नवरा धनाजी दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ताम्हिणी उतरून कोकणात गेला होता, तो मृगाच्या आधी वर यायचा. पोरगा सूरज फौजेत. सासू सुंदरा अठ्ठ्याहत्तर वर्षांची, एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलेलं, दुसऱ्याला दिवेलागण झाली की काही दिसत नसे. दिवाळीनंतर उज्वला एकदा माहेरी मुक्कामाला गेली, तेवढ्यात म्हातारी शेळ्यांच्या गोठ्यात पडली आणि कुणी हाक ऐकेपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून नणंद सोनाली मागं लागली होती. सोनालीचं सूसला सातव्या मजल्यावर घर होतं. ती फोनवर म्हणायची, “वहिनी, तुम्हाला नाईट लागली की पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येते. आईला घेऊन जाते.”

“सातव्या मजल्यावर शेळी चढंल का?” सुंदरा विचारायची.

“आई, शेळी कशाला आणायची?”

“मंग मी कशाला यायचं?”

सोनालीच्या घरी म्हातारी एकदा चार दिवस राहून आली होती. चारही दिवस तिनं दाराला कान लावून काढले आणि परत आल्यावर तीन दिवस बोलली नाही. उज्वलाला ते विसरता येत नव्हतं. पंचवीस वर्षं त्या बाईच्या हाताखाली, मग तिच्या बरोबरीनं आणि आता तिच्या पुढं होऊन तिनं संसार केला होता. तिला गाडीत बसवून देणं हे तिच्या मनात कुठं बसतच नव्हतं. म्हणून परीक्षा.

टेबलावरच्या चांगुणाची मुलगी धम्मदीपा पिरंगुटला क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची. उज्वला बुधवारी संध्याकाळी तिच्यापुढं जाऊन बसली. परीक्षेला आठ दिवस होते.

“मावशी, आठ दिवसांत इंग्रजी होत नाही,” दीपा म्हणाली. “पण तुमचं सगळं काम हाताचं. साहेब विचारणार तेही हाताचंच. आपण तेवढंच करू. हातावरनं जेवढं बोलतात तेवढं.”

“लई असंल का?”

“खूप आहे.”

चांगुणा उंबऱ्याशी शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, “आपल्यात कमी हाय व्हय? हात मारला, हात दिला, हात राखला, हात टेकलं. त्यांनी काय घोडं मारलंय.”

दीपानं वहीत पहिलं लिहिलं. “लेंड अ हँड. म्हणजे हात उसना देणे. मदत करणे.”

“उसना कशाला?” उज्वलानं विचारलं. “आपण हात देतो. उसना दिला की परत मागाया जावं लागतं.”

“इंग्रज हाय त्यो,” चांगुणा म्हणाली. “तसाच कसा देईल?”

“आई, तू शेंगा फोड. पुढचं. वॉश युअर हँड्स ऑफ इट. म्हणजे अंग काढून घेणे.”

“हात धुवून?”

“हो.”

“आमच्यात हात धुवून मागं लागत्यात.”

“तुझी नणंद लागलीय तशी,” चांगुणा म्हणाली, आणि तिघीही हसल्या. पण हसून झाल्यावर उज्वलानं बसल्या बसल्या चटईचे सुटे धागे ओढायला सुरुवात केली. दीपानं ते पाहिलं आणि लिहिलं, “सिट ऑन युअर हँड्स. हातावर बसणे. म्हणजे काही न करता बसून राहणे.”

“हे मला नगं,” उज्वला म्हणाली. “हे मला जमायचं न्हाई.”

त्या आठवड्यात तिच्या हातून भाकरी करपली, दूध उतू गेलं, एक दिवस तर डबा घरीच राहिला आणि वही तेवढी बरोबर आली. एकोणीस वर्षांत असं झालं नव्हतं. टेबलावर कात्री चालवताना ती पुटपुटे, “माय हँड्स आर फुल,” आणि खरंच दोन्ही हात भरलेले असत. मग तिला वाटे, हे बरं आहे, हे खोटं बोलावं लागत नाही. दुसऱ्या क्षणी वाटे, साहेबांनी हे विचारलंच नाही तर?

घरी सुंदरा खाटेवरून ऐकत असायची.

“काय जपतीयास?”

“इंग्रजी, आत्याबाई. हाताचं.”

“हाताला एवढी नावं? आन् डोळ्याला?”

“डोळ्याचं पुढच्या खेपंला.”

“पुढच्या खेपंला डोळा ऱ्हायला पायजे,” म्हातारी म्हणाली. मग खाटेच्या कडेला सरकून, “येक शिकीव मला.”

उज्वलानं तिला आऊट ऑफ हँड शिकवलं. दुसऱ्या दिवशी दावं तोडून शेजाऱ्याच्या मेथीत शिरलेल्या तरण्या शेळीला म्हातारी अंगणातून ओरडत होती, “आऊटाफ्यांड! ये हिकडं, आऊटाफ्यांड!” गल्लीतल्या पोरींना वाटलं, शेळीचं नावच ते आहे, आणि त्या तेच म्हणायला लागल्या.

परीक्षा गुरुवारी अकराला झाली.

काचेच्या खोलीत साहेब बसले होते, शेजारी ऑफिसातला प्रदीप कागद घेऊन. प्रदीप पुण्याचा, बायांशी नीट बोलायचा. टेबलावर हातमोजे, खडू, टेप, एक फॉर्म आणि कात्री मांडून ठेवली होती. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला आणि तो तिला कळला, तशी उज्वला सैलावली. साहेब म्हणाले, प्लीज हँड आऊट द ग्लव्ह्ज. तिनं एक जोडी त्यांना दिली, एक प्रदीपला. हँड इन द फॉर्म म्हणाले, तिनं फॉर्म दिला. पाळी कशी देतेस, असं विचारलं. ती म्हणाली, “आय हँड ओव्हर द टेबल. फर्स्ट काउंट. देन ब्लेड चेक. देन स्क्रॅप.” साहेबांनी मान हलवली. प्रदीप तर हसलाच. काम आवाक्याबाहेर गेलं तर काय म्हणशील? “आऊट ऑफ हँड, सर. आय कॉल यू.” तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटत होता, आणि चांगलाही वाटत होता.

मग साहेब हात पुढं करून म्हणाले, “हँड मी द सिझर्स, प्लीज.”

उज्वलानं कात्री उचलली, पाती मिटली, मुठीची बाजू साहेबांकडं फिरवली, त्यांच्यापुढं टेबलावर ठेवली आणि हात मागं घेतला.

साहेबांचा हात तसाच होता. “टू मी,” ते म्हणाले. “हँड इट टू मी.”

दूर पडली असेल म्हणून तिनं कात्री चार बोटं त्यांच्याकडं सरकवली. साहेबांनी तिसऱ्यांदा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, लहान पोराला सांगतात तसं. उज्वला दोन्ही हात पदरावर ठेवून उभी राहिली. तिला वाटलं, तिची पारख चाललीय, घाई केली की ती गडबडते का हे पाहतायत. साहेबांनी हात खाली घेतला, कागदावर काहीतरी लिहिलं आणि थँक यू म्हणाले. ती बाहेर आली ती पास झाल्यासारखी. टेबलावर येऊन तिनं चांगुणाच्या पाठीत थाप घातली.

चहाच्या वेळी प्रदीपनं तिला बाजूला घेतलं.

“उज्वलाताई, सगळं छान झालं होतं हो. शेवटचं तर सगळ्यात सोपं होतं.”

“कुठलं शेवटचं?”

“कात्री मागितली साहेबांनी. तीनदा मागितली. दिली का नाही तुम्ही?”

“दिली की.”

“टेबलावर ठेवलीत. ते हात पुढं करून बसलेत आणि तुम्ही खाली ठेवताय. त्यांनी लिहिलंय, घोकून आलेली आहे, साधी सूचना कळत नाही.”

उज्वलाच्या हातात चहाचा कागदी कप होता, तो चेपला. “आवो, कात्री कुणी हातात देतं का?”

प्रदीपनं ते ऐकलेलं होतं. त्याची आजीही असं काही म्हणायची. “मग तसं सांगायचं ना त्यांना.”

“मला वाटलं, ठावं असंल.”

खरंच तसं वाटलं होतं. पाणी वाहतं हे जसं कुणाला सांगत नाहीत, तसं हे. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी, नदीकाठी मेंढरांची लोकर कातरणं चाललं होतं. वीस वर्षांच्या उज्वलानं मोठी कातर सासूपुढं धरली. सुंदरानं हात पुढं केलाच नाही. मेंढराचे पाय गुडघ्याखाली दाबून ती तशीच बसून राहिली आणि म्हणाली, “खाली ठेव.” उज्वलानं ठेवली, सासूनं उचलली. संध्याकाळी सासूनं एवढंच सांगितलं की कातर हातात दिली तर देणारा-घेणारा भांडतात, मीठमिरचीचंही तसंच. त्यानंतर उज्वलानं आयुष्यात कुणाच्या हातात धार दिली नाही. कंपनीत लागली त्या पहिल्या आठवड्यात दोघी बायांनी गप्पांच्या नादात कात्री हातोहात दिली आणि एकीचा तळवा फाटला, चार टाके पडले. दुसऱ्या दिवसापासून उज्वला म्हणायला लागली, “खाली ठेव. मंग ती घेईल.” टेबलानं ते उचललं. नवीन येणारी पोरगी आठ दिवसांत शिके. चांगुणा लागली तेव्हा तिनं आधीच सांगून टाकलं होतं, “भांडणाचं मी मानत न्हाई, उज्वला. पण बोटाचं मानते.” आणि तीही खाली ठेवू लागली.

“आता काही होईल का?” उज्वलानं प्रदीपला विचारलं.

“निकाल शनिवारी लागतो. परत परीक्षा नाही म्हणालेत. सोमवारपासून नवीन पाळ्या. पहिला आठवडा तुमच्या टेबलाला रात्रच आहे.”

घरी येऊन तिनं सुंदराला सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, म्हातारी पावलांवरून ओळखायची.

सुंदरानं सगळं ऐकलं. “मंग द्यायची व्हतीस हातात,” ती म्हणाली.

“तुमीच शिकवलंय न्हवं?”

“मी मेंढरापाशी शिकीवलं. कंपनीत कवा आले व्हते मी?” म्हातारी चिडली होती, पण कुणावर ते तिलाही ठरवता येत नव्हतं. “भांडाण व्हायाला त्यो काय माझा भाऊबंद हाय? कोइमतूरचा मानूस. भांडला आस्ता तर तुला कळलं तरी आस्तं का?”

उज्वला अंगण झाडायला लागली. सकाळी झाडलं होतं. झाडून झाल्यावर तिनं शेळ्यांना पाणी दाखवलं, त्या प्यायल्या नाहीत, नुकत्याच प्यायल्या होत्या. आत आली तर म्हातारी चाचपडत दांडीवरची लुगडी ओढत होती.

“काय करताय?”

“सोनालीला फोन लाव.”

“शनिवार जाऊ द्या.”

“शनिवारी काय निराळं लिवनार हायेत? लाव म्हनते ना.”

उज्वलानं फोन लावला नाही. चपला घातल्या, वही घेतली आणि चांगुणाकडं गेली.

दीपानं ऐकलं आणि वही ओढून भराभरा एक पान लिहिलं. साहेबांना काय म्हणायचं ते, पहिल्यापासून शेवटपर्यंत, चांगलं इंग्रजीत. वाचूनही दाखवलं. उज्वलानं दोनदा म्हणून बघितलं. तिसऱ्या ओळीला जीभ अडकायची ती सुटायचीच नाही.

“हे न्हाई बसायचं माझ्या तोंडात,” ती म्हणाली. “परत म्हनतील घोकून आली. पोरी, मला ‘या’ आन् ‘बघा’ एवढंच दे.”

“कम. सी.”

“बास. बाकीचं टेबलच सांगंल.”

“मी हाय टेबलावर,” चांगुणा म्हणाली.

शुक्रवारी पावणेतीनला उज्वला काचेच्या खोलीबाहेर उभी राहिली. साहेब फोनवर होते. तीनला पाळी बदलायची, पाच मिनिटं आधी ताबा देणं सुरू व्हायचं, तीनच्या भोंग्याला संपायचं. आतलं बोलणं संपेना. तिनं घड्याळ पाहिलं, दोन पन्नास. एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. दुपारच्या पाळीच्या बाया गेटातून आत येताना दिसत होत्या, त्यांतल्या कुणाकुणाच्या डोक्यावर अजून ओढण्या होत्या. दोन त्रेपन्न. साहेबांनी तिच्याकडं पाहिलं आणि हातानं थांब म्हणून खूण केली. उद्या निकाल. आजचा ताबा हुकला तर निकालाआधी साहेबांना दाखवायला दुसरी वेळच उरणार नव्हती.

तिनं काचेवर बोटाच्या पेरानं वाजवलं आणि दार लोटलं.

“सर, प्लीज कम. फाइव्ह मिनिट्स. सी हँड ओव्हर.”

प्रदीप खुर्चीतून उठला. “ताई, आत्ता नको.”

“आत्ताच हाय ते,” उज्वला म्हणाली आणि दारातून हलली नाही.

साहेबांनी फोनवर काहीतरी बोलून तो ठेवला. रागावलेत का ते कळायला मार्ग नव्हता. मनगटावरचं घड्याळ बघत ते तिच्या मागून आले.

टेबलाच्या एका बाजूला सकाळच्या आठ, दुसऱ्या बाजूला दुपारच्या आठ. चांगुणानं सगळ्यांना दम दिलेला असावा, कारण एकही बाई बोलत नव्हती. उज्वला आपल्या जागेवर गेली. ती रोज करायची तेच तिनं केलं: पाती पुसली, मिटली, मूठ समोरच्या बाईकडं करून कात्री टेबलावर ठेवली, हात उचलून मागं घेतला. समोरचीनं तो हात पूर्ण मागं जाऊ दिला आणि मगच कात्री उचलली. मग शेजारची. मग तिच्या पुढची. लाकडावर लोखंड टेकल्याचा हलका आवाज टेबलाच्या या टोकाकडून त्या टोकाकडं गेला. आठ कात्र्या, आणि मध्ये कुठंही दोन हात एका धारेवर आले नाहीत.

“नो हँड टू हँड, सर,” उज्वला म्हणाली. “पुट. देन टेक. यस्टरडे, आय पुट. यू नो टेक.”

प्रदीपनं खाली बघितलं. साहेबांनी सगळ्याच बायांना तळवे दाखवायला सांगितले. चांगुणानं ते मराठीत पुढं पोचवलं, “हात काढा गं. पुढं करा.” सोळा बायांचे बत्तीस हात टेबलावर आले. कुणाला घट्टे, कुणाच्या नखांत खडू, एकीच्या तळव्यावर चार टाक्यांचा जुना, पांढरा पडलेला वण. ताजं काही नव्हतं. साहेबांनी तो वण बोटानं दाखवला.

“नाइन्टीन इयर्स,” उज्वला म्हणाली. “आफ्टर, नो.”

साहेब दुसऱ्या टेबलाकडं गेले. तिथल्या बायांनाही हात दाखवायला सांगितले. तिथं पाच जणींच्या बोटांना पट्ट्या होत्या, एकीच्या अंगठ्याला तर चिंधी. साहेब परत आले. त्यांनी पहिल्या टेबलावरची एक कात्री उचलली, उलटीपालटी करून पाहिली आणि उज्वलापुढं खाली ठेवली. हात मागं घेतला आणि वाट बघत उभे राहिले. तिनं ती घेतली.

मग ते प्रदीपशी भराभर बोलले. उज्वलाला अर्धं कळलं, ऑल टेबल्स कळलं, टीच कळलं, आणि थ्री शिफ्ट्स कळलं. प्रदीपचा चेहरा उजळला. “ताई, साहेब म्हणतायत, सगळ्या टेबलांना तुम्ही हे शिकवायचं. तिन्ही पाळ्यांना. पंधरा दिवस सकाळ, पंधरा दिवस दुपार, पंधरा दिवस रात्र. मग लीडरचं बघू.”

चांगुणानं तिच्या कमरेला कोपर मारलं. टेबलावरच्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. उज्वलानं मात्र पंधरा दिवस रात्र, एवढंच ऐकलं. रात्र आलीच होती, नाव बदलून.

“नाईट नो, सर,” ती म्हणाली.

“ताई, संधी देतायत,” प्रदीप हळू म्हणाला. “आत्ता नाही म्हणू नका.”

“मदर-इन-लॉ. ओल्ड. वन आय. नाईट, अलोन. फॉल डाऊन.” शब्द येत होते, वहीतले आणि वहीबाहेरचेही. “आय टीच. डे टीच. इव्हिनिंग टीच. नाईट, माय हँड्स आर फुल.”

साहेबांनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग विचारलं, रात्रीच्या बायांना कोण शिकवणार?

“चांगुणा,” उज्वला म्हणाली. “शी गुड हँड.”

“मला कशापाई मधी घेतीस?” चांगुणा म्हणाली. पण तिनं पदर खोचला होता. “सांग त्यांना, रात्री माझ्यावाचून घरात कुणाचं अडत न्हाई. पोरगी आभ्यास करती आन् नवरा घोरतो. पंधराच दिस म्हनावं, जास्ती न्हाई.”

प्रदीपनं ते इंग्रजीत सांगितलं, नवऱ्याचं तेवढं गाळून. तीनचा भोंगा झाला. साहेबांनी कागद मागितला, उभ्यानंच लिहिलं आणि गेले. प्रदीपनं वाचून दाखवलं: पहिल्या टेबलाची लाइन लीडर उज्वला, तीन महिने तात्पुरती, सकाळची पाळी. तीन महिन्यांनी इंग्रजीची परीक्षा परत.

“आन् ते घोकून आलीय लिवलंय ते?” उज्वलानं विचारलं.

“ते तसंच आहे. खाली हे लिहिलंय.”

“खोडलं न्हाई?”

“नाही, ताई.”

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. पण बसमध्ये फाट्यापर्यंत तिला तेच टोचत राहिलं.

सुंदरा अंगणात होती. उज्वलानं सांगितलं तसं तिनं ऐकलं, मध्ये एकदाच विचारलं, “बत्तीस हात मांडलं टेबलाव?” मग म्हणाली, “सोनालीला लाव फोन.”

या वेळी उज्वलानं लावला.

“सोने, उज्वलाला तीन म्हयनं सकाळचीच पाळी मिळाली, रविवारची गाडी ऱ्हाऊ दे,” म्हातारी फोन कानापासून वीतभर लांब धरून बोलत होती, त्यामुळं पलीकडचंही सगळं ऐकू येत होतं.

“आई, अगं मी खोली आवरलीय. पलंग केलाय तुझा.”

“मंग तूच झोप त्याच्याव.”

“तीन महिन्यांचंच आहे ना वहिनींचं? तीन महिन्यांनी काय करणार?”

“तवर धनाजी वर येतोय.”

“आणि दिवाळीला परत खाली जाईल. तेव्हा?”

सुंदरानं फोन उज्वलाकडं दिला. सोनालीचं चुकत नव्हतं. तीन महिन्यांनी परीक्षा. जूनमध्ये धनाजी येईल, मेंढरं घरामागं बसतील, चार महिने रात्रीचं काही वाटणार नाही. मग दिवाळी, मग परत ताम्हिणी.

“तवर शिकते मी, वन्सं,” ती म्हणाली.

“काय शिकताय?”

“जमंल तेवढं.”

फोन ठेवून ती चुलीपुढं गेली, पीठ काढलं, आणि मळायच्या आधीच उठली. म्हातारी म्हणाली, “आता बस की गं जरा. झालं ना?” उज्वला बसली नाही. परातीतलं पीठ तसंच ठेवून तिनं पिशवीतून वही काढली, दीपानं लिहिलेलं ते लांब पान उघडलं आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून उभ्यानंच वाचायला लागली.